बरोजचं काप्रोना बेट : लेकीसाठी भाषांतर करतोय, शब्द हवेत

जुनी_पानं

खूप दिवस हा धागा काढायचा होता. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

कॉलेजला असताना मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर पंधरा रुपयांना एक इंग्रजी पेपरबॅक घेतलं होतं. कव्हर अर्धं गेलेलं, पानं पिवळी पडून कडेनं भुगा होत असलेली. एडगर राइस बरोजचं 'द लँड दॅट टाइम फरगॉट'. टारझनवाला बरोज तो हाच. हार्बर लाइनला उभ्याउभ्या वाचायला लागलो आणि माझं स्टेशन कधी मागे गेलं कळलं नाही, पनवेलला उतरून परत आलो.

गोष्ट अशी (ज्यांना स्वतः वाचायचीय त्यांनी इथून पुढे थांबा). ग्रीनलंडच्या पार दक्षिण टोकाला, केप फेअरवेलला, एका माणसाला किनाऱ्यावर थर्मासची बाटली सापडते, आत हस्तलिखित. ते लिहिणारा बोवेन टायलर हा कॅलिफोर्नियातल्या पाणबुड्या बांधणाऱ्या कारखानदाराचा पोरगा. ३ जून १९१६ ला, पहिलं महायुद्ध चालू असताना, इंग्लिश खाडीत त्याचं जहाज जर्मन पाणबुडी टॉर्पेडो मारून बुडवते. तो, त्याचा कुत्रा नॉब्ज आणि लिस नावाची मुलगी वाचतात, त्यांना एक इंग्रजी टग (जहाजं ओढणारी छोटी बोट) उचलतो, आणि मग त्या टगची माणसं त्याच यू-३३ पाणबुडीवर चढून ती ताब्यात घेतात. ही पाणबुडी टायलरच्या बापाच्याच यार्डात बांधलेली, याने स्वतः तिच्या चाचण्या घेतलेल्या! पुढे आपल्यातलाच कुणीतरी फितूर आहे, होकायंत्र बिघडवलंय, संशय लिसवर जातो, आणि भरकटत भरकटत सगळे दक्षिणेकडे कुठल्या कुठे पोचतात. पाणी संपत आलेलं, इंधन संपत आलेलं, आणि समोर उभे कडे असलेलं एक प्रचंड बेट, उतरायला जागाच नाही. मग कड्याच्या पोटातून गोडं, कोमट पाणी समुद्रात येतंय हे लक्षात येतं, आणि पाणबुडी बुडी मारून त्या भुयारी नदीतून आत शिरते. आत ऊबदार समुद्र, जंगल, आणि डायनासोर.

इथपर्यंतचं ऐकून कुणीही म्हणेल की बरं, डायनासोरची गोष्ट. पण मला तेव्हाही आणि आज चाळिशीतही या पुस्तकाने धरून ठेवलंय ते डायनासोरमुळे नाही. त्या बेटावर माणसांच्या टोळ्या आहेत आणि त्यांच्यात कुठेही लहान मूल नाही. तान्हं बाळ नाही, रांगणारं नाही, कुणी म्हातारंही नाही. टायलर हे बघतो आणि त्याला काहीतरी खटकतं, पण उत्तर मिळत नाही. दुसरं म्हणजे रोज सकाळी टोळीतल्या सगळ्या बायका एका कोमट डबक्यात जाऊन पडून राहतात. पाण्यावर हिरवा शेवाळी तवंग, आणि त्यात लाखो बेडूकमासे. टायलर विचारतो तर एकच उत्तर, आता असतं तसं. धर्म म्हणून करतात का, आजार म्हणून का, काही नाही. आणि तिसरी गोष्ट अशी की जितकं उत्तरेला जावं तितकी माणसं शहाणी होत जातात.

ह्या तीन गोष्टी मनात घेऊन पुस्तक संपतं. टायलर कड्यावर चढतो, बाटली खाली समुद्रात फेकतो, बास. मी बावीस वर्षं समजत होतो की गोष्ट तिथेच संपते, बाटली फेकली, पुढे त्यांचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही. मला तो शेवट इतका खरा वाटायचा की मी कधी शोधलंच नाही. गेल्या वर्षी लेकीला (वय १०) ही गोष्ट सांगत होतो, तिने विचारलं मग नॉब्जचं काय झालं, मी म्हटलं माहीत नाही बेटा, तर ती झोपेचना. तेव्हा रात्री मोबाइलवर शोधलं आणि कळलं की हा तीन भागांतला फक्त पहिला भाग! १९१८ साली ब्लू बुक मासिकात तिन्ही भाग आले, १९२४ ला एका पुस्तकात बांधले, आणि नंतर साठच्या दशकात स्वस्त पेपरबॅकवाल्यांनी परत वेगळे छापले. माझ्या हाती त्यातला एक लागला होता.

तर आता रोज रात्री एक-एक पान मराठीत करून वाचून दाखवतोय. बरोज १९५० ला गेला, त्यामुळे आपल्याकडे लेखकानंतर साठ वर्षांचा हक्क संपून गेलाय, उद्या कुणाला छापावंसं वाटलं तरी अडचण नाही.

अडलंय ते टोळ्यांच्या नावांवर. काप्रोनाच्या भाषेत प्रत्येक टोळीचं नाव तिच्या हातातल्या हत्यारावरून आहे. बो-लू म्हणजे सोटा वापरणारे, स्टो-लू कुऱ्हाडवाले, बँड-लू भालेवाले, क्रो-लू धनुष्यबाणवाले, आणि सगळ्यात वर गा-लू, दोरीचा फास टाकणारे. हे मराठीत आणायचे की तसेच ठेवायचे? मी सध्या सोटेकरी, कुऱ्हाडकरी, भालेकरी, धनुष्यकरी इथपर्यंत आलोय, गालूला अडलोय. मदत करा.

---

पाऊसवेडी

वाह! वाचनखूण साठवली. टोळ्यांमध्ये बाळं नसणं हे वाचूनच अंगावर काटा आला. पण रहस्य काय ते सांगा ना आता, अर्धवट नका सोडू. मी इंग्रजीतून वाचणार नाहीये हे नक्की, मराठीत आलं तर नक्की वाचेन.

---

जुनी_पानं

सांगतो ताई. त्या बेटावर अख्खी उत्क्रांती एका जन्मात होते. त्या बायका डबक्यात जातात ते अंडी सोडायला. ती अंडी प्रवाहाबरोबर दक्षिणेला वाहत जातात, त्यातून जीव निघतो, तो मासा होतो, मग बेडकासारखा, मग सरपटणारा, असं करत करत बेटावरून उत्तरेकडे येत येत माकड, मग मुका माणूस, मग सोटा धरणारा, मग कुऱ्हाड, मग भाला. बहुतेक जीव वाटेतच मरतात, खाल्ले जातात. जो टिकतो त्याला एक दिवस आतून जाणवतं की आपण आता बदललो, तो आपली टोळी सोडून वरच्या टोळीत जातो, कालचे सोबती आज त्याच्यावर धावून येतात. कुणाला आई माहीत नाही, बाप माहीत नाही. 'सुरुवातीपासून आलेला' असा एक शब्द आहे त्यांच्या भाषेत, कोर-स्वा-जो, अगदी अंड्यापासून इथवर पोचलेला. आणि गालूंमध्ये क्वचित कुणी आपल्यासारखं आईच्या पोटी जन्मतं, त्याला म्हणतात कोस-आटा-लो. बिनअंड्याचा.

म्हणून मुलं नाहीत. बालपण म्हणजे मासा आणि बेडूक असतानाचं.

---

पाऊसवेडी

बाप रे. म्हणजे ती डबक्यातली बेडूकपिल्लं...

हे वाचून पहिलं डोक्यात आलं ते दशावतार. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनी. आजी म्हणायची चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून मग माणसाचा जन्म मिळतो. इथे तर फिरायचंही एकाच जन्मात!

---

खडूफळा

छान धागा. एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, म्हणून राहवत नाही.

बरोजने ही कल्पना हवेतून नाही काढली. एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये मांडलं होतं की गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांचा सगळा इतिहास थोडक्यात पुन्हा जगतो. माणसाच्या गर्भाला सुरुवातीच्या आठवड्यांत गळ्यापाशी घड्या दिसतात, माशात त्याच जागी कल्ले होतात, आणि एक छोटं शेपूटही असतं जे पुढे जिरतं. हेकेल म्हणाला, बघा, हा मासा, ही पाल, हा माणूस. बरोजने काय केलं, तो गर्भ आईच्या पोटातून काढून एका बेटावर पसरवून ठेवला. नऊ महिन्यांत जे होतं ते शेकडो मैलांवर आणि काही वर्षांत. पोटाच्या जागी कोमट डबकं. ह्याला मी दाद देतो, इतकं साधं आणि इतकं मोठं रूपक शास्त्राच्या पुस्तकातही सापडणार नाही.

पण मुलांना सांगताना एक नक्की सांगा की हेकेल चुकला होता. फॉन बेअर या शास्त्रज्ञांनी त्याच्याही आधी, १८२८ मध्येच म्हटलं होतं की गर्भ एकमेकांसारखे दिसतात ते फक्त सुरुवातीला, माणसाचा गर्भ कधीही प्रौढ मासा होत नाही. त्या घड्यांचे माणसात कल्ले होत नाहीत, जबडा, कानातली हाडं, घशाचे भाग होतात. आणि हेकेलने आपली चित्रं जास्तच सारखी काढली यावरून त्याच्या हयातीतच वाद झाला.

दुसरं जास्त महत्त्वाचं. उत्क्रांती ही शिडी नाही. झाड आहे. मासा हा अर्धवट राहिलेला माणूस नाही, तो पूर्ण मासा आहे. काप्रोनात मात्र सगळे माणूस होण्याच्या रांगेत उभे आहेत. वर्गात दर वर्षी मी हेच पुसत आलोय फळ्यावरून, ते माकडापासून वाकत वाकत सरळ उभ्या राहणाऱ्या माणसाचं चित्र. पोरांच्या डोक्यातून ते जाता जात नाही.

---

डोलकाठी

मर्चंट नेव्हीत होतो, आता निवृत्त. मी ही कादंबरी जहाजावर वाचलीय, मेसमध्ये कुणीतरी सोडून गेलेलं पुस्तक होतं, तिन्ही भाग एकत्र असलेलं.

ती बाटली. दक्षिण महासागरातून ग्रीनलंडला जाईल का, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे आणि मी चार्ट घेऊन बसलो होतो. तर सांगतो, रस्ता आहे. अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा मोठा प्रवाह बाटली उचलेल. तिथून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने वर बेंग्वेला प्रवाह, मग विषुववृत्ताशेजारून ब्राझीलकडे, ब्राझीलच्या उत्तर किनाऱ्याने वर कॅरिबियन, तिथून गल्फ स्ट्रीम, उत्तर अटलांटिक, आइसलंडच्या खालून वळून ग्रीनलंडचं टोक. म्हणजे केप फेअरवेल ही जागा उगीच निवडलेली नाही, तिथे वाहून आलेलं लाकूड खरंच लागतं. फक्त कादंबरीत ती ज्या वेगात पोचते ते शक्य नाही, खूप वर्षं लागतील, आणि वाटेत कुठल्या तरी भोवऱ्यात अडकायची शक्यता जास्त. पण रस्ता आहे एवढं मी छातीठोक सांगतो.

आणि तारीख बघा. मे १९१६ मध्ये जर्मनीने अमेरिकेला शब्द दिला होता की प्रवासी जहाजांवर हल्ले करणार नाही, कारण मार्चमध्ये इंग्लिश खाडीतच ससेक्स बोटीवर टॉर्पेडो मारला होता आणि त्याआधी १९१५ ला लुसिटानिया जहाज बुडून ११९८ माणसं गेली होती. बरोजचं जहाज बुडतं ३ जूनला. शब्द दिल्याला महिनाही झालेला नाही. १९१८ च्या वाचकाला ती तारीख वाचून काय वाटलं असेल विचार करा. खरी यू-३३ पण होती बरं का, ती कीलला बांधलेली.

अजून एक. त्याच जून १९१६ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेल्या शॅकल्टनची २२ माणसं खरोखर अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावर अडकून बसली होती, दोन होड्या उपड्या करून त्याखाली राहत होती, ३० ऑगस्टला सुटका झाली. म्हणजे दक्षिणेला हरवलेलं बेट आणि तिथे अडकलेली माणसं ही त्या वर्षीची पेपरातली बातमी होती.

---

जुनी_पानं

डोलकाठी काका, तुम्ही हे लिहिलंत आणि मी जागेवरून उठून लेकीला सांगून आलो. तिने ॲटलासमध्ये बोट फिरवून तो अख्खा रस्ता काढलाय. खूप खूप आभार.

खडूफळा सर, शिडीचं अगदी मान्य. तिला सांगेनच.

---

चौथी_सीट

मी याचा १९७५ चा सिनेमा व्हिडिओ कॅसेटवर पाहिलाय लहानपणी. डग मॅक्लूर होता. टेरोडॅक्टिल (डायनासोरच्या काळातला उडणारा प्राणी) दोरीवरून घसरत येतो, पंख हलतच नाहीत, पण सात वर्षांचा मी सोफ्यामागे बसून बघितलंय. त्यात जर्मन कप्तान चांगला शिकलेला, समजूतदार दाखवलाय. पुस्तकात पण तसाच का?

---

जुनी_पानं

नाही, उलट. पुस्तकातला फॉन शोएनफोर्ट्स पूर्ण काळा रंगवलाय. काप्रोनात तेल सापडतं, जर्मन खलाशी ते शुद्ध करून इंधन बनवतात, आणि मग एक दिवस हा कप्तान पाणबुडी घेऊन पळतो, वर या लोकांनी बेटावर बांधलेल्या किल्ल्यावर तोफा डागून जातो. युद्ध चालू असताना लिहिलंय ते पानापानातून कळतं, मला ते वाचताना त्रास होतो. पण तिसऱ्या भागात प्लेसर म्हणून एक साधा जर्मन खलाशी आहे, कप्तानाचा मार खाऊन खाऊन शेवटी तोच कप्तानाला संगिनीने संपवतो. तेवढ्या एका जागी बरोजला दिसलंय की त्या पाणबुडीतही माणसं होती. मला ती जागा फार आवडते.

सिनेमावाल्यांनी कप्तान बदलला ते बरंच केलं.

---

सागरगोटा

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मी तिन्ही भाग वाचलेत, पीएचडीच्या काळात, लंडनला. कल्पना मोठी आहे हे मान्य. पण ती शिडी फक्त शास्त्राची चूक नाहीये. बो-लूपासून गालूपर्यंत जसजसे वर जाता तसतसे लोक गोरे होत जातात. हे बरोज सहज लिहून जातो, कुणी शंका घेईल असं त्याला वाटतच नाही. आफ्रिका, आशिया सगळं युरोपच्या ताब्यात होतं तेव्हाची ही गोष्ट आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना त्या शिडीच्या कुठल्या पायरीवर ठेवलं असतं त्याने? दहा वर्षांच्या मुलीला मराठीत वाचून दाखवताना ती पायरीपण मराठीत येणार आहे. तुम्ही शब्द शोधताय तर याचाही विचार करा असं मनापासून वाटतं.

---

पाऊसवेडी

सागरगोटा, पटलं. पण मग वाचायचंच नाही का?

---

सागरगोटा

वाचायचं ना. मी तीन वेळा वाचलंय! दुसऱ्या भागात टॉम बिलिंग्ज विमानातून कड्यावरून आत येतो, टेरोडॅक्टिलशी हवेत झुंज होते, विमान पडतं, आणि मग तो आणि अजोर नावाची मुलगी पायी बेट पार करतात, ती प्रत्येक टोळीची भाषा, रीत त्याला समजावत जाते. अजोर ही मला संपूर्ण ग्रंथातली सगळ्यात शहाणी व्यक्ती वाटते. बिलिंग्ज तिला सुरुवातीला रानटी समजतो, आपल्या घरच्यांना ही कशी चालेल असला विचार करतो, आणि हळूहळू त्याला आपली लाज वाटायला लागते. म्हणजे बरोजच्या हातून त्याच्याच शिडीला तडा जातो. तो त्याने मुद्दाम दिला का मला सांगता येणार नाही, पण आहे.

आणि तिसऱ्या भागातले वीरू! पंखवाली माणसं, गालूंच्याही पुढची पायरी म्हणून स्वतःला समजणारी. त्यांचं शहर कवट्यांचं, रस्त्यात कवट्या, भिंतीत कवट्या. ते म्हणतात आम्ही जे करतो तेच बरोबर, त्यासाठी त्यांचा वेगळा शब्द आहे, तास-आद. त्यांच्यात बायकाच जन्मत नाहीत म्हणून ते कोस-आटा-लो मुली पळवून नेतात. शिडीच्या सगळ्यात वरच्या टोकाला कोण बसलंय, तर खुनी. हे मला आजही अस्वस्थ करतं. भाषांतर करणार असाल तर तिसरा भाग गाळू नका एवढंच.

---

खडूफळा

सागरगोटा यांच्या दोन्ही प्रतिसादांना +१. विशेषतः वीरूंबद्दल. हे मी विसरलो होतो.

---

चौथी_सीट

अवांतर आहे पण विचारतो, असल्या गोष्टींना पल्प म्हणतात ना, तर पल्प म्हणजे नक्की काय? नुसतं स्वस्त पुस्तक?

---

जुनी_पानं

कागदावरून नाव पडलंय. लाकडाच्या लगद्याचा सगळ्यात हलका कागद, कडा न कापलेल्या, वर मात्र भडक रंगीत चित्र. १८९६ मध्ये फ्रँक मन्सीने आर्गसी मासिक पूर्ण कथांचं आणि या कागदावर काढलं, तिथून सुरुवात. लेखकाला शब्दावर पैसे. बरोज तर पस्तिशीपर्यंत एकामागून एक धंद्यात आपटलेला माणूस, पेन्सिलला टोक करायच्या यंत्राचे एजंट सांभाळायचा, आणि मासिकांतल्या जाहिराती तपासता तपासता कथा वाचून त्याला वाटलं हे आपल्यालाही जमेल. १९१२ ला मंगळावरची पहिली कथा छापून आली, ४०० डॉलर मिळाले, त्याच वर्षी टारझन.

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांचं तेच. तोच कागद, एका बसणीत वाचायचं, वाचनालयात पानं सुटून आलेली. माझे वडील झुंजारच्या गोष्टी तोंडपाठ सांगायचे. आणि लगद्याचा कागद स्वतःलाच खातो, त्यात आम्ल राहतं, म्हणून माझी ती फाउंटनची प्रत आता उघडली की मांडीवर पिवळी पूड पडते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीय.

---

बांधावरून

पहिल्यांदाच लिहितोय इथं. शेती करतो, परभणी जिल्हा. इंग्रजी पुस्तक काही वाचलेलं नाही पण तुमचा शब्दाचा प्रश्न बघून वाटलं सांगावं.

दोरी टाकून धरणारे म्हणजे काय करतात ते आधी नीट कळायला पाहिजे. आमच्यात दोराला एक नाव नाही. बैलाच्या शिंगाला किंवा गळ्याला बांधून खुंट्याला अडकवतो ते दावं. गाडीत बसून हातात धरतो तो कासरा. नाकातून जाते ती वेसण. मोटेला, ओझ्याला जाड ते चऱ्हाट. लांबून फेकून धरायचं असेल तर दोराला सरकती गाठ मारावी लागते, त्याला फासच म्हणतात, दुसरा शब्द नाही. आमच्याकडं मोकाट सुटलेला वळू धरताना टाकतो, गाठ अशी पाहिजे की ओढला की आवळंल आणि सैल सोडला की सुटंल, नायतर जनावर मरतं.

पण एक सांगतो, तुम्ही फासेवाले किंवा फासेकरी असं काही लिहू नका. फासेपारधी हा आपल्याकडं समाज आहे. फास लावून तितर, हरणं धरायचे म्हणून ते नाव. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यात असल्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवायचं सुरू केलं, १९५२ ला ते नाव काढलं, पण गावात चोरी झाली की अजून पोलीस आधी त्यांच्या पालावर जातात हे मी स्वतः बघितलंय. माझ्या वर्गात एक पारधी मुलगा होता, चौथीपर्यंत, त्याला मास्तर हजेरीत पण नाव घेऊन बोलवायचे नाहीत, ए पारध्या म्हणायचे. तो तितराचा आवाज असा काढायचा की झुडपातून खरा तितर उत्तर द्यायचा. पाचवीला आलाच नाही. तर हत्यारावरून माणसाला नाव ठेवणं हे बेटावरचं काय नवं नाही, आपल्याकडं चालूच आहे, आणि नाव एकदा पडलं की पायरीपण ठरते.

काही चुकलं असेल तर माफ करा.

---

सागरगोटा

दादा, काहीही चुकलेलं नाही. मी जे दोन परिच्छेदांत सांगायचा प्रयत्न करत होते ते तुम्ही तितराच्या आवाजात सांगितलंत. कृपया लिहीत राहा.

---

डोलकाठी

बांधावरून, मनापासून धन्यवाद. सरकत्या गाठीचं वर्णन अगदी बरोबर. जहाजावरही ओढली की आवळणारी ती गाठ आणि माणूस वर घ्यायला न सरकणारी वेगळी, दोन्हींत गल्लत झाली तर माणूस जातो.

---

पाऊसवेडी

ह्या धाग्यावर आज दिवसभर येऊन जातेय. त्या मुलाचं नाव आठवतं का दादा? इथे नका लिहू, पण आठवतं का?

---

बांधावरून

आठवतं ताई.

---

जुनी_पानं

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं सुचत नव्हतं.

मी सोटेकरी, भालेकरी करत बसलो होतो तेव्हा मला ती एक गंमत वाटत होती, मराठीत किती छान बसतंय म्हणून. 'फासे' हा शब्द माझ्या वहीत लिहिलेला होता आणि पुढे काय लावायचं याचाच विचार चालू होता. पारधी माझ्या डोक्यातही आले नाहीत. शहरात वाढलो हे कारण मी देणार नाही.

आता ठरवलंय ते असं. टोळ्यांची नावं काप्रोनाच्याच भाषेत राहतील. बो-लू, स्टो-लू, बँड-लू, क्रो-लू, गालू. अर्थ एकदाच येईल, जिथे किल्ल्यात धरून आणलेला अह्म नावाचा बेटावरचा माणूस टायलर वगैरेंना भाषा शिकवतो तिथे, आणि तोही वस्तूचा अर्थ, सोटा, कुऱ्हाड, भाला, धनुष्य, दोर. गालूच्या हातात फास राहील, तुम्ही सांगितली तशी सरकती गाठ असलेला, पण त्यावरून मराठी नाव पडणार नाही. कोस-आटा-लो पण तसंच ठेवतोय, 'बिनअंड्याचा' हे बोलताना ठीक, लिहिताना जमत नाही. तिसरा भाग पूर्ण घेणार, कवट्यांसकट.

आणि लेकीला तितराची गोष्ट सांगितली. ती म्हणाली तो पाचवीत का नाही आला. मी सांगितलं जे दादांनी लिहिलंय ते. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की बेटावर पण जो वर जातो त्याला जुने लोक मारतात आणि नवे लोक घेत नाहीत, मग तो मधेच कुठे राहतो? मला उत्तर आलं नाही. खडूफळा सर, सागरगोटा, तुम्हाला सुचलं तर सांगा, मी तिला तुमच्या नावाने सांगेन.

काल रात्री दुसऱ्या भागात ती जागा आली जिथे बिलिंग्जला रानात एक कुत्रा दिसतो. मी मुद्दाम हळू वाचत होतो. नॉब्ज, असं मी वाचायच्या आधी तिनेच ओरडून सांगितलं, आणि आतून बायको उठून आली काय झालं म्हणून.

---

खडूफळा

तिच्या प्रश्नावर विचार करतोय. उद्या सविस्तर लिहितो, घाईत द्यायचं उत्तर नाही ते.